शिकागो बेअर्सचा ड्राफ्ट : ‘आपल्याला नेमकं काय हवंय?’ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तोच ना? आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव?

दोन्ही नाही. हा अमेरिकन फुटबॉल. लीग एनएफएल, संघ ३२, शिकागो बेअर्स त्यांतलाच एक. कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघ लिलावात घेत नाहीत, पाळीने निवडतात. फेऱ्या ७. आपली पाळी आली की एक नाव सांगायचं. त्या खेळाडूवर मग एनएफएलमध्ये दुसऱ्या कुणाचा हक्क राहत नाही. बोली नसते, कारण कितव्या क्रमांकाला किती पगार हे २०११ च्या करारापासून जवळपास ठरलेलं आहे. त्यामुळे इथे पैसा नाही, ‘पिक’, म्हणजे निवडीची पाळी, हेच चलन. ते विकता येतं, साठवता येतं, पुढच्या वर्षीचं आज मोडताही येतं.

आपल्याकडे आयएसएलनेही २०१४ आणि २०१७ मध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंसाठी असाच ड्राफ्ट घेतला होता, म्हणजे पद्धत अगदीच परकी नाही. शाळा संपून किमान तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. संघ त्याच्या पसंतीचा नसला तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं. इलाय मॅनिंगने २००४ मध्ये चार्जर्सना नाही म्हटलं होतं. त्यांनी त्याला घेतलं आणि त्याच दिवशी जायंट्सकडे पाठवलं. असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

क्रम कसा लागतो?

प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, न पोचलेले १८ संघ आधी, त्यांत सगळ्यात वाईट कामगिरी असलेला पहिला. मग प्लेऑफमध्ये जो जितक्या लवकर हरला तितका तो वर. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरलेला ३१ वा आणि जिंकलेला ३२ वा. दोघांचे विजय सारखे असतील तर ज्याचे प्रतिस्पर्धी दुबळे होते तो आधी निवडतो. लॉजिक सरळ आहे: सोप्या सामन्यांतही तितकंच जमलं म्हणजे संघ जास्त कच्चा.

याशिवाय तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईची पिक्स असतात, एका संघाला जास्तीत जास्त ४. आधीच्या वर्षी करार संपून गेलेले खेळाडू बाहेरून घेतलेल्यांपेक्षा जास्त किंवा जास्त मोलाचे असतील तर ती मिळतात.

भारतात बसून बघायचं तर किती वाजता?

पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी रात्री ८ ला सुरू होते, आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचार. बाकीच्या फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. पहाटेचा अलार्म लावायचाच असेल तर दुसऱ्या दिवसासाठी लावा. पहिल्या फेरीतली नावं उठल्यावरही कळतात. अदलाबदलीची खरी घासाघीस दुसऱ्या दिवशी चालते.

संघाची ‘गरज’ कशी ओळखायची? प्रत्येक यादीत वेगवेगळं लिहिलेलं असतं.

कारण बहुतेक याद्या गेल्या हंगामात डोळ्याला काय खुपलं यावरून केलेल्या असतात. स्वतः काढा, तासाभराचं काम आहे.

कागदावर ५३ ओळी आखा. हंगामात संघात इतकेच खेळाडू राहतात. साधारण वाटप असं: क्वार्टरबॅक (पास टाकणारा) २-३, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ३-४, रिसिव्हर (पास झेलणारा) ५-६, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) ३, ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल) ९, डिफेन्सिव्ह लाइन (तिच्यासमोरची फळी) ९-१०, लाइनबॅकर (त्या फळीमागचे) ५-६, कॉर्नर (रिसिव्हरला अडवणारे) ५-६, सेफ्टी (सगळ्यात मागचे) ४, आणि किकर, पंटर (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला देणारा), लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) मिळून ३. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: वय, करार कोणत्या वर्षी संपतो, पुढच्या वर्षी तो सॅलरी कॅपमधला किती भाग खाणार. कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती.

आता लाल पेन घ्या. पण ‘यंदा कोण वाईट खेळला’ यावर खूण करू नका. पुढच्या वर्षी करार संपतोय, तिशी ओलांडली आहे, किंवा पगार खेळापेक्षा मोठा झालाय, अशा नावांवर करा. जिथे एकाच जागेच्या दोन-तीन ओळी लाल होतात, ती ड्राफ्टची गरज. यंदाचं भोक मार्चमध्ये, करार संपलेले खेळाडू बाजारात येतात तेव्हा, पैशाने बुजवायचं असतं. नवा पोरगा पहिल्या वर्षी शिकतो, दुसऱ्या वर्षी उभा राहतो, म्हणून एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पुढच्या वर्षीच्या भोकाकडे बघायचं.

बेअर्सचं उदाहरण घ्या. २०२५ च्या वसंतात डावा टॅकल ब्रॅक्स्टन जोन्स हाताशी होता. २०२२ च्या पाचव्या फेरीत १६८ व्या क्रमांकाला मिळालेला, म्हणजे किमतीच्या मानाने झक्कास सौदा. पण घोटा मोडून तो डिसेंबरमध्ये बाहेर गेलेला आणि कराराचं शेवटचं वर्ष उरलेलं. ‘टॅकल आहे की’ म्हणणाऱ्यांनी फक्त पहिला रकाना पाहिला होता.

बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला २०२४ मध्ये ६८ वेळा पाडलं. तरी पहिल्या फेरीत लाइनमन घेतला नाही. हा वेडेपणा नव्हता?

दर वर्षी सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी ६८ सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) आले कुठून ते बघू. सॅकचं खापर एकट्या लाइनवर फोडता येत नाही. चेंडू हातात किती वेळ धरला, रिसिव्हर वेळेत मोकळा झाला का, समोरच्या डिफेन्सची मांडणी बघून सेंटरने कुणी कुणाला अडवायचं ते बरोबर सांगितलं का, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. दबाव कुठून आला यानेही फरक पडतो. कडेने, म्हणजे टॅकलच्या बाजूने आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून निसटू शकतो. मधून, गार्ड-सेंटरच्या फटीतून आला तर पुढे सरकायची जागाच बंद होते. मग तो मागे पळतो, आणि मागे पळताना सॅक झाला की सहा-आठ यार्ड आणखी जातात.

तेव्हा आधी मधली फळी दुरुस्त करायला हवी होती, आणि ती मार्चमध्येच झाली. चीफ्सकडून जो थुनी आला, बदल्यात २०२६ चं चौथ्या फेरीचं पिक गेलं. रॅम्सकडून जोना जॅक्सन आला, गेलं ते सहाव्या फेरीचं पिक. सेंटर ड्रू डालमनला फाल्कन्सकडून ३ वर्षांच्या ४ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर आणलं. दोन गार्ड आणि एक सेंटर, पहिल्या तिन्ही फेऱ्यांना हात न लावता. गार्ड आणि सेंटर बाजारात टॅकलच्या मानाने स्वस्त मिळतात. चांगला डावा टॅकल मात्र कोणताच संघ सुखासुखी सोडत नाही, तो ड्राफ्टमधूनच काढावा लागतो.

मग दहाव्या क्रमांकाला टॅकल का नाही? उरलाच नव्हता. विल कॅम्पबेल चौथा गेला, आर्मंड मेम्बू सातवा, केल्विन बँक्स नववा. लोकांना हवा असलेला रनिंग बॅक ॲश्टन जेन्टी सहावा गेला. चौथा टॅकल दहाव्याला घेणं म्हणजे संपत आलेल्या बाजारात शेवटची पेंडी दुप्पट भावाने उचलणं. बेअर्सनी टाइट एंड कोल्स्टन लव्हलंड घेतला आणि टॅकल ५६ व्या क्रमांकाला, बॉस्टन कॉलेजचा ऑझी ट्रॅपिलो. ६ फूट ८ इंच, कॉलेजात दोन्ही बाजूंना खेळलेला. ती दुसरी फेरी होती आणि तो भाव रास्त होता.

२०२५ च्या हंगामात विल्यम्सचे सॅक निम्म्याहून खाली आले आणि ११ सामने जिंकून संघ विभागात पहिला आला. श्रेय नव्या लाइनचं तसंच नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन यांचंही. कुणाचं किती, यावर खुशाल भांडा.

पण टाइट एंड तर होता! कोल केमेट असताना लव्हलंड कशाला?

पाटी बघून गरज ठरवली की हीच गफलत होते. जागेचं नाव आणि मैदानावरचं काम या दोन गोष्टी वेगळ्या. मैदानावर एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, तीन रिसिव्हर असतील तर त्या मांडणीला ११ म्हणतात, एक बॅक आणि दोन टाइट एंड असतील तर १२. आकड्यातला पहिला अंक बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. जॉन्सन यांनी डेट्रॉइटमध्ये १२ चा चांगला वापर केला होता. या मांडणीत धाव येणार की पास, हे समोरच्याला ओळखू येत नाही. त्याने जड लाइनबॅकर ठेवले तर लव्हलंड त्यांना पळवतो, हलके कॉर्नर आणले तर चेंडू बॅककडे देऊन अंगावर जायचं. म्हणजे ही ‘दुसऱ्या टाइट एंडची’ नाही, एका अख्ख्या मांडणीची गरज होती.

त्या निवडीत धोका होता, पण तो वेगळाच. जानेवारीत लव्हलंडच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. अशा वेळी संघाच्या डॉक्टरांचा अहवाल हाच खरा निकाल असतो आणि तो आपल्याला कधी दिसत नाही. घरी बसून यादी करणाऱ्यांनी हा आंधळा कोपरा मान्य केलेला बरा.

अदलाबदल फायद्याची की तोट्याची, हे मोजायचं कसं?

जुनं कोष्टक वापरा. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने १९९० च्या दशकापासून चालतं. पहिला क्रमांक ३००० गुण, दुसरा २६००, तिसरा २२००, नववा १३५०, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. शंभरावा बरोबर १००. पुढच्या वर्षीचं पिक एक फेरी खालचं धरायचं, असा रिवाज.

२०२५ च्या दुसऱ्या दिवशीचा हिशेब करू. बेअर्सनी बफेलोला ४१, ७२ आणि २४० ही पिक्स दिली आणि ५६, ६२, १०९ घेतली. ४१ चे ४९०, ७२ चे २३०, २४० चं जवळपास शून्य, एकूण ७२० दिले. ३४०, २८४ आणि ७६ मिळून ७०० घेतले. कागदावर २० गुणांचा तोटा, म्हणजे सहाव्या फेरीतलं एक पिक. पण हाती काय आलं? दुसऱ्या फेरीतच दोन खेळाडू, ट्रॅपिलो आणि डिफेन्सिव्ह लाइनचा शेमार टर्नर. आधुनिक कोष्टकं, जी खेळाडूंच्या पुढच्या कामगिरीवरून बनवतात, वरच्या क्रमांकांना इतकं अवास्तव मोल देत नाहीत. त्यांच्या मापाने खाली उतरणाऱ्याचा फायदा बऱ्याचदा जास्त दिसतो.

२०२३ चा पॅन्थर्सबरोबरचा सौदा एवढा का गाजतो?

कारण त्याची साखळी अजून मोजता येते. बेअर्सनी पहिला क्रमांक दिला. मिळालं: नववा, ६१ वा, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि रिसिव्हर डीजे मूर. पॅन्थर्सनी ब्राइस यंग घेतला, हंगाम बुडाला आणि त्यांचं २०२४ चं पिक थेट पहिल्या क्रमांकाचं निघालं. तोच केलेब विल्यम्स. २०२५ चं पिक ३९ वं आलं, रिसिव्हर लूथर बर्डन.

नवव्याची गोष्ट आणखी गमतीची. फिलाडेल्फिया ईगल्सना जेलन कार्टरसाठी फक्त एक पायरी वर यायचं होतं. बेअर्स दहाव्यावर सरकले, त्यांना जो हवा होता तो टॅकल डार्नेल राइट तिथेही मिळाला, वर ईगल्सचं २०२४ चं चौथ्या फेरीचं पिक आलं. कोष्टकात नववा आणि दहावा यांत फरक ५० गुणांचा. ते पिक पुढे १२२ वं ठरलं, आणि १२२ चे गुण? ५०. त्यावर बेअर्सनी ऑस्ट्रेलियाचा पंटर टोरी टेलर घेतला.

चौथ्या फेरीत पंटर? खरंच?

त्या वर्षी बेअर्सकडे निवडी अवघ्या पाच होत्या, त्यामुळे राग समजण्यासारखा आहे. बचावात इतकंच: चांगला पंटर प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याला काही यार्ड मागे ढकलतो आणि चार वर्षं स्वस्तात पडतो. तरीही पाचांतला एक, जेव्हा गार्डच्या जागी ठिगळं होती? मला तो सौदा तेव्हाही पटला नव्हता, आताही नाही.

खाली उतरणं एवढं चांगलं, तर वर कधीच जाऊ नये?

क्वार्टरबॅकसाठी जावं. विल्यम्सचा चार वर्षांचा करार मिळून जवळपास ३ कोटी ९५ लाख डॉलरचा. डॅक प्रेस्कॉटला २०२४ च्या करारात सरासरी वर्षाला ६ कोटी. या फरकातच थुनी, जॅक्सन, डालमन बसतात.

पण बेअर्सचाच इतिहास बघा. २०१७ मध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला त्यांनी ६७, १११ आणि २०१८ ची तिसरी फेरी दिली. २२००, २५५ आणि ७२ मिळून २५२७, वर पुढच्या वर्षीचं पिक. २६०० च्या जवळ जातं. म्हणजे भाव ठीकच होता! चूक खेळाडूत होती: मिच ट्रुबिस्की घेतला, आणि दहाव्यावर पुढे दिग्गज क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक मॅहोम्स गेला, जो २७ वरून वर आलेल्या चीफ्सने उचलला. २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्ससाठी २० वरून ११ वर गेले. त्यात २०२२ ची पहिली फेरी गेली आणि ते पिक सातवं निघालं. वर जाताना पुढच्या वर्षीचं पिक देता, तेव्हा आपण पुढच्या वर्षी हरणार नाही अशी पैज लावलेली असते.

रनिंग बॅक पहिल्या फेरीत घ्यावा का?

फार क्वचित. बेअर्सनी २०२५ मध्ये काइल मोनंगाय २३३ व्या क्रमांकाला, सातव्या फेरीत घेतला आणि पहिल्याच वर्षी तो नियमित खेळला. असा टॅकल सातव्या फेरीत शोधून दाखवा.

हाताची लांबी, ४० यार्डांची धाव... हे आकडे किती मनावर घ्यायचे?

जागेनुसार. हात खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टॅकलसाठी ३३ इंच ही रूढ रेषा, कारण आधी ज्याचे तळवे समोरच्याच्या छातीवर पडतात तो झुंज जिंकतो. विल कॅम्पबेलचा हात इंडियानापोलिसच्या चाचणीत ३२ पूर्णांक ५/८ भरला. त्यावर दोन महिने काथ्याकूट झाला, मग पेट्रियट्सनी त्याला चौथाच घेतला.

४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. १३५ किलोचा लाइनमन सामन्यात इतकं सलग पळतो कधी? त्याच्यासाठी पहिल्या १० यार्डांची वेळ बघा. कॉर्नर आणि रिसिव्हरसाठी मात्र पूर्ण आकडा कामाचा.

पहिल्या फेरीचं शेवटचं पिक आणि दुसऱ्या फेरीचं पहिलं, यात एवढा काय फरक?

एका वर्षाचा. निवडलेल्या प्रत्येकाचा करार ४ वर्षांचा, पण पहिल्या फेरीतल्यांवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो. तो वापरायचा की नाही हे तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. म्हणूनच क्वार्टरबॅक हवा असलेले संघ ३२ व्यावर उडी मारून येतात. बॉल्टिमोरने २०१८ मध्ये लमार जॅक्सन तसाच मिळवला.

मॉक ड्राफ्टवर विश्वास ठेवावा का?

मॉक म्हणजे कोण कुणाला घेईल याचा आधीच बांधलेला अंदाज. विश्वास पहिल्या चार-पाच नावांपुरता. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला मोठा करार देऊन महिना-दीड महिना झाला नाही तोच अटलांटाने २०२४ मध्ये आठव्याला आणखी एक क्वार्टरबॅक, मायकल पेनिक्स, घेतला. शेडूर सँडर्सला कित्येकांनी पहिल्या फेरीत धरलं होतं, तो १४४ वा गेला. मॉक वाचायचा तो नावासाठी नको. एखाद्या जागेचे खेळाडू कुठल्या क्रमांकाशी संपतील, एवढ्यासाठी वाचा. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींत ६ क्वार्टरबॅक गेले आणि पहिला डिफेन्सचा खेळाडू १५ वा. त्या धक्क्यामुळेच रोम ओडुन्झेसारखा रिसिव्हर नवव्यापर्यंत खाली आला.

सातवी फेरी संपली की विषय संपला?

मुळीच नाही. शेवटचं नाव वाचताच न निवडलेल्या पोरांना फोन सुरू होतात. त्यांचा करार ३ वर्षांचा असतो आणि संघ निवडायचं स्वातंत्र्य त्यांच्याकडे असतं. त्यामुळे हुशार एजंट सातव्या फेरीत आपला माणूस निवडला जाऊ नये अशीच प्रार्थना करतो. तो ५३ च्या यादीत जिथे जागा पातळ आहे तो संघ शोधतो. आपण वर केलेला कागद त्याच्याकडेही असतो.

उन्हाळ्यात ९० जण सरावाला येतात. ऑगस्टच्या शेवटी ५३ उरतात, १६ जण सराव संघात. सामन्याच्या दिवशी साधारण ४८ जणच गणवेश घालतात, तेही त्यांत ८ लाइनमन असतील तरच. नाहीतर ४७. म्हणून नवव्या लाइनमनला दोन-तीन जागा खेळता येणं आणि पाचव्या रिसिव्हरला किकच्या वेळी धावून समोरच्याला पाडता येणं गरजेचं. तळातल्या दहा नावांवर वाद घालताना हा कोण खेळेल, असं विचारू नका. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, पंट मारताना हा मैदानावर कुठे उभा असेल, ते विचारा.